सात वड्यांचं इंजिन

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि उदगीरची माणसं कचेरीच्या कामाला उस्मानाबादऐवजी लातूरला जाऊ लागली. पाऊस मात्र त्या वर्षी कुठूनच आला नाही. त्याला नवा जिल्हा कुणी कळवलाच नसेल, असं रिकामी मंडळी म्हणत आणि त्या वर्षी रिकामी मंडळी पुष्कळ होती. संक्रांतीच्या आतच विहिरींनी तळ दाखवला. एरवी दिवसभर ठणठणणारी शेतातली ऑइल इंजिनं गोणपाट पांघरून गप्प झाली.

इंजिनं गप्प झाली तसा चंद्रप्पाही गप्प झाला. तो इंजिनांचा मिस्त्री होता. दोन शेतं पलीकडचं इंजिन नुसतं ऐकून तो सांगायचा की व्हॉल्व बसलाय, आणि उघडून पाहिलं की व्हॉल्वच बसलेला निघायचा. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, नखं मात्र तेलानं कायमची काळी. महिनाभर कुणी बोलवायला आलं नाही, तेव्हा त्यानं स्टँडाजवळचं टपरीवजा दुकान बंद केलं आणि हत्यारं घरी आणून कोठीच्या खोलीत मांडली. दोन कानशी, एक करवत, हातानं फिरवायचं ड्रिल, हातोडी, छिन्नी आणि फळीवर ठोकलेली, वस्तू आवळून धरणारी वाइस. एवढंच भांडवल होतं.

घरात तो आणि त्याची बायको गुरम्मा, दोघंच. गुरम्मा स्वभावानं वाईट अजिबात नव्हती. फक्त तिच्या नजरेला कुठल्याही वस्तूतला दोष आधी दिसायचा आणि वस्तू मागून. लग्नाच्या पहिल्या वर्षी चंद्रप्पानं तिला पत्र्याची शेगडी करून दिली. तिनं ती पेटवली, दोन भाकऱ्या केल्या आणि म्हणाली, "डाव्या अंगाला जास्त तापती." पुढं विहिरीचा रहाट दुरुस्त केला, तर तो कुरकुरत होता. दाराला कडी करून बसवली, तर ती पावसाळ्यात अडकणार होती. आणि दुःखाची गोष्ट अशी की तिचं कधी चुकत नसे. शेगडी खरंच डाव्या अंगाला जास्त तापायची. पावसाळा आला की कडी खरंच अडकायची.

खोटं कौतुक करणारी बायको असती तर चंद्रप्पाला एवढी ओढ लागली नसती. पण ही खरं बोलणारी. म्हणून चौतीस वर्षं त्याच्या मनात एकच होतं, की आपण अशी एखादी वस्तू करावी की गुरम्मानं ती उलटसुलट करून पाहावी आणि म्हणावं, बरं झालंय. जास्त नको. तेवढंच बस.

आता वेळच वेळ होता. फुटक्या पंपातला एक पितळी बुश, म्हणजे जाड पोकळ नळकांडं, पडला होता. तो हातात घेऊन बसला असताना चंद्रप्पाच्या मनात आलं की ह्याचं सिलिंडर होईल. वीतभर लांबीचं, वाफेवर चालणारं, खरंखुरं इंजिन करायचं. बॉयलर तांब्याच्या जुन्या गडव्याचा, चाक तराजूच्या गोल लोखंडी वजनाचं, आणि सगळं हातानं. बाजारात लेथ होती. तिथं गेला असता तर दोन दिवसांत काम झालं असतं. पण मग चुकून गुरम्मानं बरं म्हटलंच, तर ते त्या लेथवाल्याला म्हटल्यासारखं व्हायचं. एवढा उदार चंद्रप्पा नव्हता.

पुरं होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही, हेही त्यानं ठरवलं. अर्धवट वस्तू गुरम्माच्या नजरेला पडणं म्हणजे ती तिथंच संपणं. तेव्हा रोज सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास तो कोठीत शिरे आणि आतून कडी लावे. "आत जरा बसतो," एवढंच सांगे.

सगळ्यांत नडला तो दट्ट्या. सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा हा लोखंडी दांडा असा हवा की आपल्या वजनानं अलगद खाली उतरला पाहिजे, आणि तरी बाजूनं वाफ निसटता कामा नये. चंद्रप्पानं एक जाड बोल्ट ड्रिलमध्ये पकडला, ड्रिल वाइसमध्ये आवळलं. मग एका हातानं मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हातानं कानस धरायची. असं बारा दिवस करून त्यानं दांडा गोल केला. आता शेवटची घासणी राहिली. व्हॉल्व घासायची पेस्ट लावली, तर पितळेवर ओरखडे उमटले. चुलीतली राख कापडानं गाळून लावली, तर तिच्यातही बारीक कच निघाली. काम तिथं अडलं ते आठ दिवस अडलं.

आता चंद्रप्पाच्या पूजेबद्दल सांगायला हवं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, दोन थेंब पाणी, एक बेलाचं पान, कपाळाला विभूतीचं बोट, झाली पूजा. गुरम्माचे वडील रोज तासभर लिंगावर नजर लावून बसत. ती त्यांच्या मांडीशी बसून ते बघत वाढलेली. नवऱ्याची पूजा बघून ती म्हणायची, "बस सुटून राहिली का तुमची?"

तर एका सोमवारी ही घाईची पूजा चालू असताना चंद्रप्पानं विभूतीच्या वडीवर बोट फिरवलं आणि त्याचं बोट तिथंच थांबलं. त्यानं चिमूटभर विभूती दोन बोटांत चोळली. पुन्हा चोळली. मठात शेणाची राख सात पाण्यांत निवळून, वस्त्रगाळ करून ह्या वड्या पाडतात. तिच्यात कच म्हणून नव्हती. जन्मभर कपाळाला लावलेली वस्तू काय आहे, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं. त्यानं लिंगाला मनापासून हात जोडले, माफ कर म्हणाला, आणि वडी कोपरीच्या खिशात टाकून कोठीत गेला.

गोड्या तेलाच्या थेंबात कालवलेली विभूती दट्ट्याला लावून तो सिलिंडरमध्ये हळूहळू फिरवत राहिला. तासाभरानं पुसून बघितलं, तर पितळेच्या आत त्याला स्वतःची मिशी दिसली.

त्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा गुरम्मा चुलीपुढं होती. तिनं सहज वर बघितलं आणि तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चंद्रप्पाच्या कपाळावर विभूतीचे तीन बोटांचे ठसठशीत पट्टे होते. दंडावर होते, गळ्यावर होते. कोठीत उकडत होतं, घाम पुसायला माणूस हातच वापरतो, आणि हात कशानं माखलेत हे कामाच्या नादात लक्षात राहत नाही. पण गुरम्माला हे कोण सांगणार? तिनं भाकरीवर तूप वाढलं. एक चमचा वाढलं, थांबली, आणि आणखी एक वाढलं.

चंद्रप्पानं तूप बघितलं आणि मागं वळून दाराकडे बघितलं. चौतीस वर्षांत दुसरा चमचा फक्त पाहुण्यांना मिळालेला त्यानं पाहिला होता.

त्यानंतर पुरावे जमतच गेले. वर्षाला घरात बारा वड्या पुरत, त्यातल्या तीन पंधरा दिवसांत संपल्या. बंद दाराआडून घासल्याचा मंद, एकसारखा आवाज यायचा. गंध उगाळावं तसा. एकदा गुरम्मानं फटीतून बघितलं. चंद्रप्पा ताठ बसलेला, डोळे मिटलेले, गाल फुगवून श्वास कोंडलेला, आणि मग तो श्वास सावकाश सोडतोय. सिलिंडर कुठून हवा सोडतं का, हे तो तोंडानं फुंकून बघत होता. पण सिलिंडर त्याच्या मुठीत होतं आणि फटीतून मूठ दिसत नव्हती. दुसऱ्या एका सोमवारी तो लिंगपूजेला बसला असताना डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तर तिनं समोर बसून पाहिलं. दोन डोळ्यांपैकी एकच का रडतोय, असा प्रश्न तिच्यासारख्या चोखंदळ बाईला पडायला हवा होता. पण ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते समोर आलं की माणूस नजर बारीक करत नाही.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बरं झालं. उशिरा का हुईना, बरं झालं."

शेवटी शब्द आला होता. पण तो भलत्याच पत्त्यावर आला होता. चंद्रप्पानं घास गिळला आणि तो मूग गिळून बसला. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं म्हणता येईल. त्यानं तोंडच उघडलं नाही. दोन-तीनदा सांगायला गेला, पण गुरम्मा त्याच्याकडे अशा डोळ्यांनी बघायची की त्याला तिचं मन मोडवेना. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं. म्हाताऱ्या मिस्त्रीला जन्मात पहिल्यांदा बायको हळू आवाजात हाक मारत होती.

गुरम्माच्या पोटात ही गोष्ट किती दिवस राहणार? शेजारच्या रुद्राणीला कळली, रुद्राणीकडून गल्लीला कळली. "आमचे हे आता लई बदलले. रोज चार-चार तास बसून राहिले," असं गुरम्मा सांगे, आणि बायका "हाव का?" म्हणत तोंडावर पदर घेत. रस्त्यानं जाताना लोक चंद्रप्पाला वाकून शरणार्थ करू लागले. त्यांच्यातल्या निम्म्यांची इंजिनं त्यानं आईबहिणीवरून शिव्या देत दुरुस्त केली होती.

पाण्याचा टँकर चार दिवसांआड यायचा. घराला सहा घागरी. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, सगळं. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही बेतानं. पण एवढ्या मोठ्या पूजेला बसणारा माणूस पारोसा कसा बसेल? गुरम्मा रोज सकाळी अर्धी बादली पाणी न्हाणीत ठेवू लागली. चंद्रप्पानं विचारलं, "एवढं कुठून आणलं?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचं? तुम्ही बसा."

तो न्हायचा दोन तांब्यांत. उरलेलं पाणी गडव्याच्या बॉयलरमध्ये जायचं. बॉयलर कथलाचा डाग दिल्या जागी गळायचा, पुन्हा डाग द्यायचा, पुन्हा पाणी भरायचं. असं करत चैत्र संपत आला आणि सातवी वडी संपली, त्या दिवशी गडव्याखाली रॉकेलची चिमणी लावल्यावर इंजिन चाललं. आधी थुंकलं, मग एकदा डोललं, मग टुकटुक टुकटुक करत असं सुटलं की वजनाचं चाक दिसेनासं झालं. चंद्रप्पा जमिनीवर बसून बघत राहिला. आनंदानं त्याच्या दोन्ही डोळ्यांत पाणी आलं. नेमकं तेव्हा फटीशी कुणी नव्हतं; गुरम्मा घागरी घेऊन टँकरवर गेली होती.

आता दार उघडायचं, हाक मारायची, गुरम्माला दाखवायचं, ह्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण पाणी संपून इंजिन थांबलं आणि बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं, तर समोर मठाचे रेवणसिद्ध स्वामी बसलेले. गुरम्मानं पायावर पाणी घातलं होतं, तेही दुष्काळात. स्वामी म्हणाले, "चंद्रप्पा, कानावर आलं. बरं वाटलं. पावसासाठी बसवजयंतीच्या आधी सात दिवस अनुष्ठान धरून राहिलो. रोज एकानं लिंग हातात घेऊन दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसायचं. सहा जणं मिळाले. पहिला दिवस तुमचा. तुम्हाला तर सवय हाय."

चंद्रप्पानं गुरम्माकडे बघितलं. तिचा चेहरा असा उजळला होता की तो म्हणाला, "हाव."

अनुष्ठानाच्या आदल्या दिवशी दुपारी तो दारात बसला होता. रुद्राणी घागर घेऊन चालली होती. ती थांबली आणि जरा चिडवत, जरा मनापासून म्हणाली, "काका, तुमच्या पुण्याईत गुरम्मा अक्कालाबी वाटा द्या बरं का. महिना झाला, बाई अंगावर पाणी घेऊन न्हाई राहिली. ओल्या फडक्यानं अंग पुसते. सगळं तुमच्या पूजेला."

ती गेली. चंद्रप्पा उठला नाही. चैत्रातलं ऊन पायावर आलं तरी त्यानं पाय ओढून घेतले नाहीत. महिनाभर त्याच्या बॉयलरमध्ये काय उकळत होतं, ते त्याला आता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज विभूतीच्या सात वड्यांपेक्षा फार मोठी होती.

त्यानं गुरम्माला आत बोलावलं. कोठीचं दार सताड उघडलं. फळीवर इंजिन होतं, शेजारी कानशी, आणि एका वाटीत तेलात कालवलेली पांढरी-काळी विभूती. गुरम्मा उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं वाटी बघितली. मग सरकारी वकिलासारखं तिनं एकेक विचारायला सुरुवात केली.

"ह्या वड्या?"

"घासायला लागल्या."

"कपाळावरचे पट्टे?"

"घाम पुसला."

"डोळे मिटून श्वास धरत व्हता त्ये?"

"फुंकत व्हतो. हवा निघती का बघायला."

"आन् त्या सोमवारी पूजेत रडला त्ये?"

चंद्रप्पानं मान खाली घातली. "डोळ्यात लोखंडाचा कीस गेल्ता."

गुरम्मानं पुन्हा एकदा त्या वाटीकडे बघितलं. मग म्हणाली, "एका डोळ्यातूनच येऊन राहिलं व्हतं. मला दिसलं व्हतं त्ये." तिनं पदरानं नाक पुसलं. "आन् पाणी?"

"माझ्या न्हाण्यातून उरलेलं ह्यात घालत व्हतो. तू न न्हाता ठेवून राहिलीस हे मला ठाव नव्हतं. आज कळलं. म्हणून सांगून राहिलो."

थप्पड खायच्या तयारीत माणूस उभा राहावा तसा तो उभा होता. पण गुरम्मा ओरडली नाही. ती उंबऱ्यावरच बसली आणि सरळ म्हणाली, "ह्या दोन महिन्यांत मी लई सुखात व्हते."

चंद्रप्पानं ती वाटी उचलून फळीखाली सरकवली. मग तो म्हणाला, "स्वामींना जाऊन सांगतो, माझं नाव काढा म्हणून."

"खबरदार. नाव दिलंय. आता बसायचं. दिवस मावळेपर्यंत, आन् खरं बसायचं." ती उठली. चंद्रप्पाला राहवेना. ही वेळ नव्हती, हे त्यालाही कळत होतं. तरी तो विचारून गेला, "चालवून दाखवू का?"

गुरम्मानं इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. "नको," म्हणाली आणि चुलीकडे गेली. रात्रीच्या भाकरीवर तूप नव्हतं. दोष काढायलासुद्धा तिनं त्या वस्तूकडे बघू नये, हे चंद्रप्पाला जेवढं लागलं तेवढा आजवरचा कुठलाच शेरा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मठात बसला. पहिला तास बरा गेला, कारण लोक बघत होते. दुसऱ्या तासाला गुडघे बोलू लागले. तिसऱ्या तासाला डावा पाय कुठं आहे हे समजेना. तळहातावरचं लिंग हलू नये म्हणून तो मनगट धरून बसला. सवयीनं मनात इंजिन येत होतं, ते चालू होत होतं, आणि मग गुरम्माचं "नको" ऐकू येऊन बंद पडत होतं. आजूबाजूला माणसं येत होती, नमस्कार करून जात होती. रेवणसिद्ध स्वामी मधेच येऊन कानाशी म्हणाले, "रोज चार तास बसणाऱ्याला एवढा घाम?" चंद्रप्पानं डोळे उघडले नाहीत. दुपार कलल्यावर केव्हातरी त्यानं पायांची फिकीर सोडली. आपण कशासाठी बसलोय हेही सोडलं. तो नुसता बसला. असं किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं.

पाऊस आला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी नाही आणि पुढच्या सहा दिवसांतही नाही.

दिवस मावळला तसं दोघांनी बगलेत हात घालून चंद्रप्पाला उठवलं. सोबत येतो म्हणणाऱ्यांना त्यानं नको म्हटलं आणि भिंतीला धरत धरत एकटाच गल्लीत आला. घर चार पावलांवर राहिलं आणि तो थबकला.

टुकटुक टुकटुक. त्याच्या घरातून त्याचं इंजिन चालल्याचा आवाज येत होता. जरा घाईचा होता. वात मोठी ठेवली असणार. मग तो आवाज अडखळला आणि बंद पडला. बायका हसल्या.

"हसू नका," गुरम्माचा आवाज आला. "ह्याला पहिला धक्का बोटानं द्यावा लागतो. करणाऱ्यालाबी तसाच लागतो." चाक फिरल्याचा आवाज झाला आणि टुकटुक पुन्हा सुरू झाली.

"अक्का, ह्यात पाणी कुठलं घातलं?" ही रुद्राणी.

"माझ्या पिण्यातलं. एक पेला. काय मरत न्हाई मी."

"म्हणजे काका पूजा करतच नव्हते म्हणा की. तू तर साऱ्या गल्लीला सांगितलंस."

चंद्रप्पानं भिंत धरली.

"नव्हतेच करत," गुरम्मा म्हणाली. "मी उगाच सांगत सुटले, चूक माझी. म्हणून तर बोलावलं तुम्हाला. आता ही दांडी बघा. लेथ न्हाई, मशीन न्हाई. एका हातानं फिरवायचं आन् एका हातानं घासायचं. तुमच्यापैकी एकीची तरी भाकरी इतकी गोल येती का? हे इकडून तिकडं डोलतं ना, त्यातून वाफ आत जाती आन् हिकडून भाईर येती. हात नका लावू, पोळंल."

"तुला बरं सगळं ठाव."

"सकाळपासून बसून राहिले ह्याच्यापुढं. मठात ते बसले, हितं मी. उघडून बघितलं, पुसून बघितलं, सात बार चालवलं." तिचा आवाज खाली आला. चंद्रप्पाला कान पुढं करावा लागला. "चौतीस वरीस ह्या माणसाच्या कामात मी खोट काढत आले. ह्यात बी असंलच म्हणून दिवसभर शोधून राहिले. तुम्हीबी बघा बाई, तुमची नजर तरणी हाय. मला तर सापडंना."

दार उघडंच होतं. दोन पावलं टाकली असती तर चंद्रप्पा आत गेला असता. पण तो आत गेला असता तर गुरम्मा बोलायची थांबली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुखऱ्या पायांनी तो रुद्राणीच्या ओट्यावर हळूच टेकला आणि इंजिनातलं पाणी संपेपर्यंत ऐकत बसून राहिला.